चुंबळ

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही जमतो
परळला, शरीरशास्त्राच्या जुन्या इमारतीत,
जिथं फॉर्मलिनचा वास आता फक्त भिंतींना आठवतो.
यादीत तेवीस नावं, खुर्च्या अकरा, येणारे सहा-सात.
रत्नागिरीचे मुकादम, वसईच्या फिलोमिना घोन्साल्विस,
चंदगडहून रात्रभर एसटीत बसून हिरेकुडे,
डब्याच्या पिशवीत कॅलिपर,
चपात्यांना लागू नये म्हणून मोज्यात घातलेला.

मंडळाला जागा नाही, निधी नाही. लेटरहेड आहे.
त्यावर ‘अस्थी’तला स पाय मोडून छापला गेला.
हिरेकुडेंनी कागद उजेडात धरून पाहिला,
म्हणाले, फ्रॅक्चर आहे, पण मरणोत्तर.
म्हणून मग आम्ही तो दुरुस्त केला नाही.

आज ती आली होती.
शिवडीला टॉवरच्या पायात जेसीबीला लागलेली,
आधी पोलिसांची, मग पंचनाम्याची,
अकरा दिवस मुद्देमालाच्या खोलीत
कोलम तांदळाच्या गोणीत, तोंडाला लाख.
कागदावर: अनोळखी इसम. वारस: शोध चालू.
फौजदार दारातूनच म्हणाला, जुनं असेल तर तुमचं,
नवं असेल तर आमचं.

जुनं होतं.
किती, यावर दीड तास गेला.
मुकादम खापराच्या तुकड्यावरून तीनशे वर्षं म्हणत होते.
वाघचौरे म्हणाले, खापर काय, मातीबरोबर कुठूनही येतं,
हे शहरच भरावाचं, इथली मातीसुद्धा बदली होऊन आलेली.
कार्बनच्या चाचणीला पैसे नाहीत, यावर मात्र एकमत झालं.

मग ती हळूहळू बाई झाली.
कटीच्या हाडाच्या खाचेत हिरेकुडेंचा अंगठा सैल फिरला: बाई.
दातांवर आडव्या रेघा. फिलोमिनाबाईंनी भिंग सरकवलं:
तिसऱ्या वर्षी एकदा, पाचव्या वर्षी पुन्हा
अन्न तुटलं होतं. किंवा ताप.
दात कारण सांगत नाहीत, फक्त तारीख सांगतात.
रुबीना, सगळ्यांत लहान, म्हणाली,
नोंदीत ‘नमुना’ लिहू नका.
मग काय लिहू? इतिवृत्त माझ्याकडे असतं.
कुणी बोललं नाही. मी जागा कोरी ठेवली.

कवटी टेबलावर ठरेना.
पुण्याहून मागवलेली फोमची कडी मार्चपासून येतेच आहे.
इठाबाई कपबश्या गोळा करत होती. तिनं
खांद्यावरचं फडकं काढलं, दोनदा पिळलं, टोक आत खोचलं
आणि चुंबळ टेबलावर ठेवली.
डोकं चुंबळीवर बसलं.
असं, उलटं, मी कधी पाहिलं नव्हतं.

नंतर मानेचे मणके ओळीनं मांडले.
चौथा, पाचवा, सहावा: झिजलेले, कडांना हाडाचे ओठ फुटलेले.
हिरेकुडे वर्गातल्या आवाजात सांगू लागले, डोक्यावरचं ओझं,
हाडं पक्की व्हायच्या आधीपासून, वर्षानुवर्षं...
इठाबाईचा हात तिच्याच मानेमागे गेला होता.
काय वाहायची ही? तिनं विचारलं.

पाणी, मुकादम म्हणाले. मीठ, वाघचौरे.
मासळी. चुना. लाकूडफाटा.
कुणीतरी म्हणालं, माती,
भरावाची,
आणि मग खिडकीबाहेरच्या पाइलिंगचा आवाज
बराच वेळ ऐकू येत राहिला.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: माहीत नाही.

पेटी बंद करताना वाघचौरेंनी नियम सांगितला:
सुती कापड आत नको, कीड लागते.
बरोबर आहे नियम. मीच तो टाइप केला होता.
मी यादीत एक ओळ वाढवली,
वस्तू दुसरी. कापडी. काळ: चालू.
आणि झाकण लावलं.

इठाबाई म्हणाली, सोमवारी फडकं तेवढं नवं आणा.